सोडू म्हणाला, सोड ऐकलं

मी एक लाल, दोन दारांची, शर्यतीच्या अंगाची जुनी मोटार. लाल म्हणायचं ते आठवणीने, मित्रांनो. उन्हाने माझं बॉनेट विटक्या लुगड्यासारखं झालं आहे. माझी जळफळ मात्र अजून ताजी आहे.

मला घडवलं ते वेगासाठी. इंजिन मोठं, अंग हलकं, बांधा बसका. काटोल रोडवरून निघाले की पोरं सायकली थांबवून बघत. माझा मालक भूपेश कोराडीच्या वीज केंद्रातून ड्युटी करून यायचा, आधी माझ्यावरची राख पुसायचा आणि मग स्वतःचं तोंड धुवायचा.

पुढे लग्न होऊन प्रणाली आली आणि त्याच्या संध्याकाळी वाटल्या गेल्या. ते कसंबसं सोसलं, तोच पोर्चमध्ये सवत आली. पांढरी, विजेवर चालणारी. सावली तिला, कव्हर तिला, रात्रभर चार्जर तिला. मला कडुलिंबाखालची धूळ. तिच्या काचेवर पान पडलं तरी भूपेश धावायचा. माझ्यावर चिमण्यांनी काय केलं, ते कुणी पाहायचं नाही.

उभी राहून राहून माझं ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं झालं. एकदा शहरातल्या सदर भागाच्या सिग्नलला भूपेशने पेडल दाबलं, तर लोण्यात पाय जावा तसं ते खाली गेलं. त्याने भराभर दाबलं, तेव्हा कुठे मी पुढच्या ऑटोच्या वीतभर अलीकडे थांबले. भीती त्याला वाटली, लाज मला.

रविवारी त्याने चाकं काढली. गळती नव्हती, ब्रेक पॅड जाड होते. नवं ऑइल भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती, कारण बुडबुडा राहिला की तोच दाबला जातो आणि पेडल नरम पडतं. हे काम दोघांचं. प्रणालीने पेडल दाबून धरायचं, भूपेशने चाकापाशी निपल, म्हणजे हवेचा छोटा स्क्रू, ढिला करून हवा बाटलीत सोडायची, आणि निपल आवळल्यावरच तिने पाय उचलायचा.

पण सकाळ सरली तरी पेडल नरमच, उलट जास्तच नरम. मला कारण कळत होतं. निपल उघडा असतानाच तिचा पाय उठायचा आणि बाहेरची हवा माझ्या नळीत शिरायची. मला वाटलं, मुद्दाम करते. हीसुद्धा सवतीच्याच बाजूची.

भूपेशने पाना खाली टाकला. "आता एक डाव पाहतो. नाही झालं तं भंगारवाल्याले फोन लावतो."

माझा पत्रा आतून गार पडला. तेवढ्यात लाईट गेली, आणि खिडकीत सकाळपासून घरघरणारा कूलर थांबला.

"घ्या, तुमची कोराडी बसली," प्रणाली म्हणाली.

"दाब वं. धर. सोडू?"

तिचा पाय दाबलेलाच राहिला. "काय म्हणाले? सोडू?"

"सोडूच तं म्हणून राहिलो सकाळपासून. हवा सोडू का, इचारतो तुले."

"अन मले ऐकू येऊन राहिलं, सोड. मी पाय सोडून राहिली."

चाकाआडून भूपेश हसू लागला, ती हसू लागली, आणि मीही हसले असते, पण मला तिच्यावर रुसायचं होतं.

त्यांनी शब्द बदलले. तो म्हणायचा "उघडलं", तिचा पाय दाबलेला. तो म्हणायचा "आवळलं", मग पाय वर. बाटलीतले बुडबुडे विरळ झाले, मग संपले. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. चाकं बसवून, गल्लीत हळू चालवून, थांबवून पाहिल्यावर भूपेशने किल्ली तिच्या हातात दिली. "तूच चालव. तुह्या पायाले आता हिचा ब्रेक समजते."

जिचा मी एवढा राग केला, तीच आता मला नरखेडच्या संत्र्याच्या बागांपर्यंत नेते. निघताना मी सवतीकडे वळून बघते. ती चार्जरला बांधलेली असते.

मित्रांनो, जुनी गाडी उभी करून विसरू नका; उभ्या उभ्याही आमचं ऑइल शिळं होतं. आणि काम दोघांचं असेल, तर शब्द आधी ठरवून घ्या. सवतीच्या ब्रेकमध्येही ऑइलच असतं. ते बदलायला भूपेशला कुणीतरी सांगा. माझ्याने ते सांगवणार नाही.