परदेशातून आलेला लसींचा फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. माझ्या पोटात दूध नाही, भाजी नाही; फक्त लहान बाळांच्या लसी असतात. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथल्या सरकारने मला मदत म्हणून इंदापूर तालुक्यातल्या एका छोट्या गावाच्या आरोग्य केंद्रात पाठवले. लोकांनी मला हार घातला, नारळ फोडला. मी अगदी हरखून गेलो.

आरोग्य केंद्रांतल्या फ्रीजच्या देखभालीसाठी आपले सरकार दरवर्षी थोडे पैसे बाजूला ठेवत असे. मी आल्यावर ते दुसरीकडे वळले. आता देखभालीचा खर्चही परदेशातून येतोच आहे, मग आपले पैसे कशाला, असा विचार झाला. त्या पैशांतून रस्ता झाला, चांगला झाला. पुढे परदेशी मदत थांबली. वळवलेले पैसे मात्र परत आले नाहीत. माझ्या दाराचे रबर फाटले, मी खरखरू लागलो. दुरुस्तीला कुणी येईना.

यंदा भर उन्हाळ्यात मी बंद पडलो. केंद्रातल्या हीना सिस्टरांनी आत हात घालून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. भराभर सगळ्या लसी बर्फाच्या डब्यात भरून त्या स्कूटरवरून इंदापूरला घेऊन गेल्या. लसी वाचल्या; पण लेकरू घेऊन उन्हातून आलेल्या म्हाळसाला तसेच परतावे लागले. मला फार वाईट वाटले.

पंचायतीची माणसे मला बघायला आली. गेणबा आबा म्हणाले, "ज्यांनी दिला त्यास्नीच कळवू की."

सरपंच प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या, "आबा, पाव्हण्यानं शिधा आणला म्हणून आपण आपली चूल मोडली. पाव्हणा गेला. आता चूल कुणी मांडायची?"

"पर पैसं कुठनं आणायचं?"

"गावाच्या घरपट्टीतनं. येशीवरची कमान पुढच्या साली बांधू."

ती कमान आबांच्या वडिलांच्या नावाची होती. आबांनी माझ्या फाटक्या रबरावरून हात फिरवला. मग म्हणाले, "व्हय. कमानीला काय गोवर होत न्हाय."

मी दुरुस्त झालो. दरवर्षीच्या देखभालीचे पैसेही गावाने ठरवून टाकले. मित्रांनो, कुणी मदत दिली तर आनंदाने घ्या. पण म्हणून आपला हात आखडू नका.

परवा म्हाळसा पुन्हा आली. सिस्टरांनी माझे दार उघडून लस काढली. सुई टोचताच बाळाने असा टाहो फोडला, की बाहेर बाकावर बसलेले आबा खुदकन हसले.