डबा नाही, माणूस

तिकडे काय करतेस, असं जळगावहून कोणी विचारलं की मी सांगते, शाळेत पीटी शिकवते. ते खरंच आहे. पण रविवारी सकाळी शारजातला, अल मजाजचा आमचा फ्लॅट सोडून मी मैदानं हिंडत पोरं हेरते, हे सांगायला गेलं की पुढचं सगळं समजावत बसावं लागतं, आणि मला तेवढा पेशन्स नाही. तर एकदाच सांगते. दुबईत एक बेसबॉल क्लब आहे. त्यांची एक मोठी टीम, एक धाकटी. धाकट्या टीममध्ये शिकाऊ खेळाडू घेतात आणि ते शोधून आणायचं काम माझ्याकडे. इथे आयता बेसबॉलवाला कोण मिळणार, म्हणून क्रिकेट खेळणाऱ्यांतून निवडायचे. मी स्वतः महाराष्ट्राकडून सॉफ्टबॉल खेळलेय, शॉर्टस्टॉपला. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर. सगळ्यात जास्त बॉल त्याच्याकडे येतात आणि सगळ्यात जास्त शिव्याही तोच खातो.

नोव्हेंबरात मी दुबईतल्या मुहैस्नाहला गेले होते. लेबर कॅम्पच्या मागे वाळूचं मोकळं मैदान आहे, तिथे टेप लावलेल्या टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. माणसं कमी, त्यामुळे त्यांचे नियम त्यांचे. बॉलरच्या बाजूला स्टंप नाहीत, रंगाचा रिकामा डबा उपडा ठेवलेला. त्या डब्याजवळ कोणी उभं राहत नाही. फील्डरने फेकलेला बॉल थेट डब्यावर आपटला तरच रनआउट. मी हे सगळं पाहिलं, वहीत लिहिलं आणि कौतुकही केलं. एवढी शहाणी मी.

पॉइंटला एक उंच पोरगा होता. बॅट बॉलला लागायच्या आत त्याचा पाय हललेला असायचा. हे शिकवून येत नाही. बॉल उघड्या हाताने उचलायचा आणि त्याच दमात फेकायचा. तासाभरात चार वेळा डबा वाजला. आमच्याकडे मार्क वीस ते ऐंशी असे असतात. मी त्याच्या हाताला सत्तर दिले. चार वर्षांत कोणाला दिले नव्हते.

मॅच संपल्यावर त्याला गाठलं. "आय ॲम अर्श, मॅम," म्हणाला.

"मराठी येतं ना? मघाशी मैदानावर ओरडत होतास. मग नीट मराठीत बोल."

तो हसला. एकोणीस वर्षांचा, आईवडील रत्नागिरीचे, जन्म इथला. त्याच्या वडिलांच्या दुकानातली दोन माणसं या कॅम्पात राहायची, त्यांच्याबरोबर तो लहानपणापासून इथे खेळायला यायचा. मी त्याला क्लबचं सांगितलं. तो खाली बघत राहिला.

"ट्वेंटिएथ डिसेंबरला मी शिपवर जातोय, मॅडम. ट्रेनी म्हणून. फुजैरा पोर्टवरून."

"जायचंय का तुला?"

"नाही. पण पप्पांना नाही म्हणायचं तर काय करणार ते सांगायला पाहिजे ना. सांगायला काही नव्हतंच." मग मान वर करून म्हणाला, "हे जमलं तर मला हेच करायचंय."

दुसऱ्या दिवशी मी दुबईच्या खाडीकाठी, देराला, त्याच्या वडिलांच्या दुकानात गेले. धक्क्यावरच्या लाकडी गलबतांना दोर, ताडपत्र्या, रंग पुरवायचं दुकान. मैदानावरचा डबा कुठून आला तेही कळलं. त्याचे वडील मोहिद्दीनभाई स्वतः वीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. त्यांनी सुलेमानी चहा मागवला आणि माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, ही जागा मिळवायला दोन वर्षं मी लोकांचे उंबरे झिजवलेत," ते म्हणाले. "जहाज चुकलं की कंपनी परत दारात उभं करणार नाही. तुमच्या खेळात त्याचं नक्की असेल तर सांगा. आत्ता फोन करून नाही म्हणतो. नक्की आहे?"

हा शब्द मला चालत नाही. अठरा वर्षांची असताना एका सिलेक्टरने माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, साधना, भारताच्या टीममध्ये तुझं नक्की आहे, काळजी करू नको. त्या भरवशावर मी डी.एड.ची ॲडमिशन सोडली. यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं आणि तो सिलेक्टर मला ओळख दाखवेना. वर्षभर मी घरी बसून आईचा चेहरा बघितला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. तेव्हापासून मी कोणालाही नक्की म्हटलेलं नाही, लग्नाला होकार देतानासुद्धा 'बघू' म्हटलं होतं.

"नक्की काही नसतं," मी मोहिद्दीनभाईंना सांगितलं. "आठ डिसेंबरला ट्रायल आहे. ती होऊ द्या."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

ट्रायलपर्यंत दोन रविवार हातात होते. मी त्याला ग्लोव्ह घालायला शिकवलं, वाकायचं कसं, पाय कुठे ठेवायचे ते शिकवलं. भिंतीवर बॉल मारून घेतला. फेकण्याला मात्र हात लावला नाही. चांगलं चाललेलं यंत्र कोण उघडतं?

आठ तारखेला क्लबच्या मैदानावर हॅरिसन वही घेऊन उभा. हॅरिसन म्हणजे धाकट्या टीमचा कोच, अमेरिकन, भला माणूस पण फुटपट्टीसारखा सरळ. त्याचा नियम असा की ट्रायल चालू असताना स्काउटने, म्हणजे पोरगा हेरून आणणाऱ्याने, तोंड उघडायचं नाही. पोरगा जसा आहे तसा दिसला पाहिजे. मी तोंड शिवून बाकावर बसले.

हॅरिसनने बॅटने वीस बॉल मारले. अर्शने एकोणीस उचलले. असे उचलले की मोठ्या टीमची दोन पोरं जाळीपाशी येऊन बघत राहिली. पण प्रत्येक थ्रो खाली. बेसबॉलमध्ये धावणारा पोहोचायच्या आत बॉल पहिल्या बेसवरच्या माणसाच्या ग्लोव्हमध्ये पडला, तरच तो आउट. पहिल्या बेसवर उभा असलेला खेळाडू छातीशी ग्लोव्ह धरून वाट बघतोय आणि बॉल त्याच्या पायाशी. कधी नडगीवर, कधी टप्पा पडून मागे. तो बिचारा शेवटी उड्या मारायला लागला. हॅरिसनने वहीत लिहिलं: फेक, तीस. तीस म्हणजे घरी जा.

मला आधी पोराचा राग आला. घाबरला असेल, हात गळाला असेल. मग माझं लक्ष बेसकडे गेलं. बेस म्हणजे उशीएवढी पांढरी चौकोनी गादी. मैदानाची माती तांबडी. गादीच्या कडेवर तांबडे ठिपके होते. मी उठून जवळ गेले. नऊ ठिपके, आणि सगळे माझ्या तळहाताखाली झाकले जातील एवढ्या जागेत.

गाढव पोरगा नव्हता, गाढव मी होते. तो डबा मारत होता. दहा वर्षं त्याने तेच केलं होतं, कारण त्याच्या मैदानावर बॉल घ्यायला तिथे माणूसच नसायचा. आणि हे मी माझ्या डोळ्यांनी बघून वहीत लिहून आणलं होतं.

मी हॅरिसनला दंडाला धरून तिथे आणलं आणि ठिपके दाखवले, डब्याचं सांगितलं. तो गुडघ्यावर बसला, बोटाने एकेक ठिपका मोजला.

"ओके," म्हणाला. "आणखी पाच. आता सांग त्याला."

मी अर्शकडे गेले. "अरे, डबा नाही, माणूस. त्याच्या छातीवर दे."

अर्शचा चेहरा पडला. "माणसावर मारायचा? फुल फोर्सने?"

"हो."

पाचही बॉल छातीवर गेले, पण कसे, तर शेजाऱ्याच्या लेकराला लाडू द्यावा तसे. कुठलाही धावणारा चहा पिऊन पोहोचला असता. हॅरिसनने वही मिटली. हात आहे, पण माणूस समोर आला की बिचकतो, म्हणाला. बावीस तारखेला परत आण.

"वीसला त्याचं जहाज आहे," मी म्हटलं.

"जे मी बघितलं नाही त्यावर सही कशी करू, साधना?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तशीच अर्शला घेऊन देराला गेले आणि मोहिद्दीनभाईंना जसं झालं तसं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. बावीसला परत बघतील, घेतील की नाही माहीत नाही. त्या सिलेक्टरचं आणि माझ्या डी.एड.चंही सांगितलं, जे मी माझ्या मुलीलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

त्यांनी हातातल्या दोराला गाठ मारून तो बाजूला ठेवला.

"नक्की म्हणणारे मला या धक्क्यावर दिवसाला पन्नास भेटतात," ते म्हणाले. "माझी चूक झाली असं म्हणणारी तुम्ही पहिली." मग मुलाकडे वळले. "तू बोल. तुला काय पाहिजे?"

"मला खेळायचंय, पप्पा." सरळ मराठीत बोलला.

मोहिद्दीनभाईंनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला आणि जहाज नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाले, "आता शिकवा त्याला." घरी येईपर्यंत गाडीत मी स्वतःला शिव्या घालत होते. पोराचं जहाज घालवून बसले आणि हातात काय, तर तेरा दिवस.

रोज सकाळी सहाला आम्ही शाळेच्या मैदानावर. दहा दिवस तेच. भिंतीवर खडूने काढलेल्या गोलावर सणसणीत, आणि मी ग्लोव्ह घेऊन उभी राहिले की लाडू. मी समजावलं, ओरडले, टोमणे मारले. उपयोग शून्य. घरी त्याला शिकवलं होतं की कोणाच्याही अंगावर काही फेकायचं नाही, आणि ते पोरगं नीट शिकलं होतं.

एकोणीस तारखेला माझं डोकं फिरलं. पहिल्या बेसवर उभी राहिले आणि म्हटलं, "मार."

"मॅडम, लागेल तुम्हाला."

"लागलं तर माझं मी बघीन. तुझं जहाज गेलंय, अर्श. परत येणार नाही. मार."

हे बोलायला नको होतं. पण बोलले. त्याने ओठ आवळले, बॉल उचलला आणि फेकला. मी ग्लोव्ह वर नेईपर्यंत बॉल गळ्याखालच्या हाडावर बसला होता. डोळ्यांपुढे अंधारी आली. तो पांढराफटक होऊन धावत आला, सॉरी सॉरी करत.

"मागे जा," मी म्हटलं. "परत. तस्साच."

तो उभाच राहिला. त्याला रडू येत होतं आणि मलाही. मग तो मागे गेला आणि तस्साच फेकला. या वेळी ग्लोव्हमध्ये. त्यानंतर तीस थ्रो, सगळे ग्लोव्हमध्ये, आणि माझा तळहात टोमॅटोसारखा लाल. रात्री मुलीने, ईशानीने, माझ्या गळ्याखालचा निळा डाग बघून विचारलं, "ममा, हू डिड दिस?" नवऱ्याने, निनादने, जेवणावरून मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "शॉर्टस्टॉप मिळाला वाटतं."

वीस तारखेला अर्श नेहमीसारखा सहाला आला. जहाज सुटायचा तोच दिवस, पण त्याने ग्लोव्ह चढवला आणि मी बॉल मारायला लागले.

बावीसला हॅरिसनने वीस बॉल मारले. अर्शने सगळे उचलले. अकराव्या थ्रोनंतर पहिल्या बेसवरच्या पोराने ग्लोव्ह काढून हात झटकला आणि हसत काहीतरी शिवी दिली. हॅरिसनने जुना तीस खोडला. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण ऑफिसमध्ये जाऊन एक वर्षाचा करार आणला. अर्शने सही केली, हॅरिसनने केली, क्लबचा शिक्का बसला. कराराचे तीनही कागद मी दोनदा वाचले. मग मैदानाच्या कडेला जाऊन मोहिद्दीनभाईंना फोन लावला.

"झालं," मी म्हटलं. "घेतलं त्याला."

पलीकडे दुकानातला गोंगाट होता. कोणीतरी ताडपत्रीचं माप विचारत होतं. त्यांनी त्याला गप्प केलं.

"बाई," ते म्हणाले, "नक्की?"

मी कागदांकडे बघितलं. शिक्क्याची शाई अजून ओली होती.

"नक्की," मी म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"दुकान बघ रे," ते पलीकडे कोणाला तरी म्हणाले. मग त्यांच्या रडण्याचा आवाज आला आणि मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले.