उलटा पीळ

बाई चिडल्या की त्यांचे हात दुप्पट वेगानं चालत. त्या सकाळी प्रशिक्षण केंद्रातलं लांबलचक टेबल त्यांनी बघता बघता मांडून टाकलं. पाने, बोल्ट, तारेची रिळं, सगळं जागच्या जागी. नव्या मित्रदेशाचे पाहुणे शिकायला यायचे होते. जुन्या मित्रदेशाचं काय झालं, ते आदल्या संध्याकाळी साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं होतं.

तिथलं सरकार उलथवून टाकणारा सेनापती एका दालनात छाती काढून उभा होता. मागे गरगर फिरणाऱ्या यंत्रांच्या रांगा. या यंत्रांत युरेनियम शुद्ध होतं. बेतानं केलं तर वीजघराचं इंधन, करतच राहिलं तर बॉम्बचा माल. सेनापतीला वीज नको होती, हे त्यानं लाजलज्जा न ठेवता सांगून टाकलं.

बाई बघत होत्या टीव्हीवरच्या त्या यंत्रांच्या बोल्टांकडे. बोल्ट सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून तार ओवून तिला पीळ देतात. बाई डावखुऱ्या, त्यामुळे त्यांचा पीळ उलटा पडे. त्यांचे हात बघून शिकलेल्या त्या देशाच्या पाहुण्यांनीही तोच उचलला होता, आणि टीव्हीवरची एकूण एक तार उलटी पिळलेली होती. बाईंना रात्री जेवण गेलं नाही.

त्या जुन्या मित्रांची शिकवणी सुरू होण्याआधी त्यांनी विचारलं होतं, हे सरकार पडलं तर शिकवलेलं परत कसं मागायचं? करार करणारा सचिव म्हणजे त्यांचाच थोरला भाऊ. "दोरीला साप म्हणून झोडपू नकोस," म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं होतं. आता बैल गेल्यावर निदान झोपा तरी करावा! इथे तर दुसरा बैल आणून बांधत होते.

तेवढ्यात दादा आलाच, हातात पाहुण्यांसाठी फुलांचा गुच्छ.

"बाहेर पत्रकार जमलेत," तो म्हणाला. "तू एवढंच म्हण, ती यंत्रं आपल्या पद्धतीची नाहीत."

"तारेचा पीळ माझा आहे, दादा."

"पीळ कोण बघायला जातंय?"

"मी बघितला ना."

दादानं गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. "झालं ते झालं. हे लोक वेगळे आहेत. अगदी भावासारखे."

"मागचेही भावासारखेच होते. तू भाऊ फार पटकन करतोस. मी आज शिकवणार नाही."

"माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

"आणि त्या बॉम्बखाली जे येतील त्यांचं काय जाईल?"

"अगं, यांना यातलं ओ की ठो येत नाही. कोरी पाटी आहे. आपण लिहू तेवढंच त्यांना येणार. लगाम आपल्याच हातात." त्याचा आवाज खाली आला. "एकदा बघ तरी त्यांना. माझ्यासाठी."

भाऊ होता शेवटी. बाई म्हणाल्या, "बरं. पाटी कोरी असली तर विचार करीन."

पाहुणे आले, अदबीनं टेबलाभोवती उभे राहिले. दादाचं स्वागताचं भाषण लांबत चाललं. कंटाळून एका उंच पाहुण्यानं समोरचा तारेचा तुकडा उचलला, दोन बोल्टांतून ओवला आणि सराईतपणे पीळ दिला. उजव्या हातानं, पण उलटा.

बाईंनी भाषण मध्येच तोडलं. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

पाहुणा खूश झाला. त्या सेनापतीच्याच देशाचं नाव घेऊन मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "तिथला मित्र. तुमचा विद्यार्थी, ताई. सेनापतीनं त्याला आमच्याकडे पाठवलं होतं. तो म्हणाला, हे करून दाखवा, बाईंना आनंद होईल."

गुच्छ दादाच्या हातातच राहिला. बाईंनी एकेक पाना उचलून पेटीत टाकायला सुरुवात केली.

"दादा," त्या म्हणाल्या, "पत्रकारांना आत बोलव. ती यंत्रं कुणाच्या पद्धतीची आहेत, ते मीच सांगते."