फाटक कुठल्या हाताला
जुन्या शहराचे फोटो जपणाऱ्या कचेरीत ती काचेच्या निगेटिव्हवरून कॉम्प्युटरवर चित्रं उतरवून घ्यायची. काम म्हटलं तर सोपं. काचेच्या एका बाजूला चित्राचा लेप असतो, ती बाजू यंत्रावर खाली ठेवायची, एवढीच काय ती अक्कल. पाकिटांत काचा लेप खाली करूनच भरलेल्या असत, त्यामुळे ती कधी तपासतही नसे. हातमोजे घालून काच उचलायची आणि आहे तशी ठेवायची.

उपनगरातल्या बंगल्यांची पेटी निघाली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. वडील ड्रायव्हरचा मुलगा म्हणून ज्या बंगल्याच्या गॅरेजवरच्या खोलीत वाढले, तो बंगला त्यात होता! तो पाडून जमाना झाला होता आणि घरात त्याचा एक फोटो म्हणून नव्हता. तिने मोठी प्रत काढली आणि मिरवत घरी नेली.

बाबांनी फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

"दारातला दगडी सिंह तोच. कान तुटलेला. चेंडू मारून मीच तोडला होता," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण फाटक उजव्या हाताला होतं. हे डाव्या हाताला कसं? ठमे, घर आमचंच आहे गं, पण हे आमचं घर नाही."

"बाबा, फोटो खोटं बोलेल का?"

"मग मी बोलतोय का?"

अलीकडे बाबांच्या किल्ल्या हरवत, गॅसवरचं दूध उतू जाई. त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं टुमणं दादाने केव्हाचं लावलं होतं आणि ती एकाच गोष्टीवर त्याला थोपवून होती: जुनं सगळं त्यांना लख्ख आठवतं. आता तेही गेलं. तिला पोटात ठेवता येईना, म्हणून तिने दादाला फोनवर सांगून टाकलं.

"बघ! लहानपणचं घर ओळखू येत नाही, मग उरलं काय?" दादा म्हणाला. "रविवारी येतो मी. त्यांना घेऊनच जाऊ."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोटो बाबांपुढे ठेवी आणि पोराला पाढे विचारावेत तसं विचारी, "नीट बघा. फाटक कुठल्या हाताला?" बाबा आधी ठासून म्हणत, "उजव्या." मग ते पुटपुटल्यासारखं म्हणू लागले. मग नुसतेच फोटोकडे बघत बसू लागले. तिचंही डोकं भणभणून जाई. बाबा खरे, तर हे समोर दिसतंय ते काय? आणि हे खरं, तर इतकी वर्षं बाबांनी रंगवून सांगितलेलं ते घर कुठलं? काही केल्या उलगडा होईना.

शनिवारी त्याच पेटीच्या तळाशी बाजाराच्या रस्त्याची काच निघाली. पडद्यावर चित्र उमटलं आणि ती हसलीच. दुकानांच्या सगळ्या पाट्या आरशात दिसाव्यात तशा उलट्या! पुढच्याच क्षणी तिने काच उजेडात तिरपी धरली. लेप वरच्या बाजूला होता. मग तिने एकेक पाकीट उघडलं. कुणा शहाण्याने अख्खी पेटीच उलटी भरली होती. बंगल्याला बिचाऱ्याला पाटी नव्हती, तो कसा सांगणार?

तिने काच पालथी घालून नवी प्रत काढली आणि हातमोजे न काढताच घर गाठलं. उद्या दादाच्या नाकावर टिच्चून हा फोटो टेबलावर ठेवायचा, असं वाटेभर तिच्या मनात चाललं होतं.

"बाबा, मी चुकले! तुमचंच खरं होतं. हे बघा, आता सांगा, फाटक कुठल्या हाताला?"

बाबांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खुर्चीत ताठ बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "डाव्या."

"अहो, बघा तरी!"

"बघायचं कशाला? पाठ केलंय मी. उद्या दादाने विचारलं की त्यालाही अस्संच सांगतो." आणि मग हळूच तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बरोबर आलं ना गं आता?"