नऊ तास, बारा मिनिटं

दिनेश संध्याकाळी घरी आला की आधी कॉम्प्युटरसमोर जायचा, मग बूट काढायचा. काळ्या चौकटीत तो 'निओफेच' असं टाइप करायचा. मशीनची कुंडलीच उमटायची: सिस्टिम कुठली, मेमरी किती, सॉफ्टवेअरची पॅकेजेस किती, मशीन किती वेळ चालू आहे. शहाद्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. घरच्या मशीनवर लिनक्स ही सिस्टिम त्यानंच टाकलेली.

नियम त्याचाच. सकाळी नऊला तो मशीन चालू करून जाणार, मी, त्याची बायको, फक्त दुकानाचे अर्ज टाइप करणार, मशीन बंद करायचं नाही. मी मात्र पेन ड्राइव्हवरची वेगळी सिस्टिम सुरू करून शिक्षक भरतीच्या सराव परीक्षा द्यायचे. मागे काही राहत नसे. फक्त मशीन पुन्हा सुरू करावं लागे, आणि वेळेचा आकडा शून्यापासून मोजू लागे.

पहिल्यांदा त्याला तीन तास कमी दिसले. मी म्हटलं, लाइट गेली होती. त्यानं वीज मंडळात फोन लावून विचारलं, मग माझं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. आमची लेक काजल पाळण्यातून बघत होती. पुन्हा मशीननं खोटं पकडलं, तर काजल पुरुषोत्तमनगरला त्याच्या आईकडे, आणि मी रस्त्यावर, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. निओफेचची सेटिंगची फाइल उघडली आणि वेळेच्या ओळीत बदल केला: सकाळी नऊपासून आत्तापर्यंत जितका वेळ झाला, तितकाच दाखव. दोन महिने मार पडला नाही.

त्या मंगळवारी काजलला ताप होता. पेन ड्राइव्हला मी हातही लावला नाही. दुपारी एकला सगळ्या शहाद्याची लाइट गेली, पाचला आली. मी मशीन चालू केलं आणि काजलच्या कपाळावरची पट्टी बदलत बसले. लपवायला काही नव्हतं, म्हणून ती ओळ आठवलीही नाही. त्या ओळीला लाइट जाणं ठाऊकच नव्हतं.

दिनेश आला. टाइप केलं. पडद्यावरचा आकडा वाचला.

"चार तास लाइट नव्हती," तो म्हणाला. "मंग हाई नऊ तास बारा मिनिटं कथाइन उनात?" पाचला सुरू झालेल्या मशीननं जेमतेम सव्वा तास दाखवायला हवा होता; बाकीचे कुठून आले, हे तो विचारत होता.

कीबोर्ड माझ्या तोंडावर बसला. ओठ फाटला. मी पडले तशी पोटात बुटाची लाथ बसली. दुसऱ्या लाथेनं श्वासच अडकला. काजल रडायला लागली.

"चाल वं, आजीकडे," म्हणत त्यानं तिला एका दंडाला धरून उचललं. तापलेली पोर हवेत लोंबकळली, तिचा आवाज बंद झाला.

टेबलाखालचा स्टॅबिलायझर लोखंडी पेटीतला. वायर हिसकून मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, मी एका हातानं काजलला ओढून घेतलं. त्यानं माझी साडी पकडली. मी दुसऱ्या हातानं स्टॅबिलायझर पुन्हा घातला, या वेळी मनगटावर. पकड सुटली.

शेजारच्या शांतीबाई दारात उभ्या होत्या. आत बघून त्या बाजूला झाल्या. "मोलगीनी जीप अजून उभी शे," त्या म्हणाल्या. "माहेरी जाय. मी दार लावस."

मोलगीला, माझ्या माहेरी, जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या रक्ताकडे बघून लोकांनी जागा दिली. काजलचा दंड सुजला होता, पण बोटं हलत होती. मी एकेक बोट मोजलं.