वापरल्याच्या खुणा

मी एक जुना टूथब्रश आहे. रंग हिरवा, केस मध्यम, स्वभाव सरळ. निदान कारखान्यातून निघालो तेव्हा तरी सगळं सरळ होतं. आता माझे केस चार दिशांना बघतात आणि दांडीवर खड्डे पडले आहेत. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, टूथब्रशाला कसलं आलंय आयुष्य? खरं आहे तुमचं. दाताचे डॉक्टर आम्हाला तीन महिने देतात. माझं मात्र जरा लांबलं. ते का लांबलं, तेवढं ऐका.

आम्ही चोवीस भाऊ एकाच साच्यातून बाहेर पडलो. एकमेकांची तोंडं नीट बघायच्या आत आम्हाला वेगवेगळ्या पाकिटांत घातलं. तोंडं बघायची हौस पुढे नशिबाने पुरेपूर फेडली. कोपऱ्यावरच्या दुकानात मी आठवडाभर खुंटीवर लटकलो आणि मग एका बाईने मला उचललं. ती त्याच दिवशी लग्न करून नव्या घरी राहायला आली होती, आणि सामानात सगळं होतं, फक्त ब्रश नव्हता.

ही बाई परदेशातून आलेली. आधी शिकायला आली, मग कामाला लागली. काम काय, तर लोकांसाठी खोटे दात बनवायचे. सगळी इमारत तिला कवळीवाली म्हणायची. दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. दुसऱ्यांच्या बत्तीश्या अशा ओळीत बसवणाऱ्या या बाईचा स्वतःचा डावा सुळा मात्र बाहेर आलेला आणि तिरका. दिव्याखाली अंधार. कुणी बोललं तर म्हणायची, "राहू दे की. ओळख पटते माझी."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांची ओळखही लिफ्टमुळेच झाली. ती काम करायची त्या प्रयोगशाळेच्या इमारतीत लिफ्ट अडकली, याने दार उघडलं, तर आत ही दातांचा ट्रे घेऊन उभी. पहिलं वाक्य तिचं होतं, "सांभाळून हं, यात अकरा जणांचं जेवण आहे." पुढे लिफ्टवाला त्या इमारतीत जरा जास्तच वेळा तपासणीला जाऊ लागला. त्या वर्षी तिथली लिफ्ट एकदाही बंद पडली नाही.

घरात तिसऱ्या होत्या सासूबाई. त्यांना सून परदेशी असल्याचा राग पहिले दोन महिने होता. मग सुनेने त्यांना कवळी करून दिली आणि राग गेला. पुन्हा शेंगदाणे खाता येऊ लागल्यावर माणूस फार वेळ रागावू शकत नाही.

माझे ते दिवस सुखाचे होते. बाईला एक खोड होती. विचारात पडली की ती माझ्याने दात घासायची नाही, मला चावायची. दांडी दाढेखाली धरून खिडकीशी उभी राहायची आणि तशीच बोलायची.

"अरे, रमाल रुठेय?"

"काय?"

"रुमाल, रुमाल."

सुळ्याचा एक खड्डा माझ्या दांडीवर पडला, मग दुसरा. मला त्याचं काही वाटलं नाही. बेसिनशेजारच्या पेल्यात मी आणि लिफ्टवाल्याचा ब्रश पाठीला पाठ लावून उभे असायचो, आणि समोरच्या आरशावर दोघांच्या चुळांचे शिंतोडे असायचे.

त्याच दिवसांत नियम बदलले.

सरकारकडे एक यादी असते, मित्रांनो. बाहेरच्या माणसाचं कोणतं काम कौशल्याचं, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. कवळीचं काम त्या यादीत होतं आणि एका सकाळी नव्हतं. रात्रीतून ते सोपं झालं होतं. आदल्या दिवशी पाच वर्षांचं शिक्षण लागणारं काम दुसऱ्या दिवशी कुणालाही जमण्यासारखं झालं, आणि हे करून दाखवणाऱ्यांपैकी एकालाही साधी दाढ बसवता येत नव्हती. तिच्या कामाचा व्हिसा त्या यादीवर लटकला होता. तो पडला. आता बायको म्हणून राहायची परवानगी मागायची, एवढीच वाट उरली. आणि लग्न झालं होतं यादी बदलायच्या बरोबर तीन आठवडे आधी. त्यामुळे ते लग्न सरकारला संशयास्पद वाटलं. तीन आठवडे नंतर झालं असतं तर जास्त संशयास्पद वाटलं असतं. मग केव्हा करायला हवं होतं, हे कुठल्याच अर्जात छापलेलं नव्हतं.

तसा अर्ज केला, तो वर्षभर पडून राहिला आणि मग पत्र आलं. लिफ्टवाल्याने ते मोरीच्या दारात उभं राहून वाचलं. येत्या महिन्यात केव्हाही अधिकारी घरी येतील. अर्जदार त्या घरात खरोखर राहते का, ते वस्तूंवरून पाहतील. नाही पटलं तर एकवीस दिवसांत देश सोडायचा.

बाई मला तोंडात धरूनच ऐकत होती. त्या दिवशी तिसरा खड्डा पडला.

"म्हणजे काय बघणार?" सासूबाईंनी विचारलं.

"घर बघणार, आई."

"असं घर?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आरशाकडे पाहिलं, बेसिनकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. तीच माझ्या नोकरीची अखेर.

सासूबाई वाईट नव्हत्या. घरी माणसं येणार म्हटलं की घर लख्ख हवं, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी नव्या चादरी घातल्या. नवे टॉवेल लावले. पेल्यात दोन कोरे ब्रश आले, एक निळा आणि एक पांढरा. सून म्हणत होती, "आई, अहो राहू द्या, ते काही पाहुणे नाहीत." त्यावर उत्तर ठरलेलं, "तू गप. लोकं काय म्हणतील, सुनेला फुटक्या बादलीत ठेवलीय?"

आणि मित्रांनो, माझी बदली साफसफाईत झाली. आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. नळाच्या खाचेत तिच्या केसांना लावायच्या रंगाची तपकिरी रेघ होती, ती मी घासली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने घरी आणलेल्या कामाचं गुलाबी मेण ठिबकलं होतं, ते मी खरवडलं. खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या कपाचे गोल उमटले होते, एकात एक, सव्वा वर्षाचे. सासूबाईंनी खायचा सोडा टाकला आणि मी ते सगळे काढले. ती त्या घरात राहते याची एकेक खूण मी माझ्या केसांनी नाहीशी केली. काम सुरेख झालं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, आता कसं कुणी राहतच नसल्यासारखं दिसतंय." मग मला बादलीत टाकून बेसिनखाली सरकवलं.

दुसऱ्याच सकाळी ते आले. एक बाई आणि एक टॉर्चवाला. दिवस चांगला वर आला होता, तरी टॉर्च पेटलेला.

"या, या, बसा," सासूबाई म्हणाल्या.

"आम्ही बसायला नाही आलो."

त्यांनी नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. लिफ्टवाल्याची चौकशी मोरीच्या दाराशीच चालली होती, म्हणून मला ऐकू आली.

"पत्नी पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपते?"

"भिंतीकडे."

"पत्नीच्या टूथब्रशचा रंग?"

"हिरवा," तो म्हणाला. विचार करायलाही थांबला नाही. खऱ्या माणसाला थांबावं लागत नाही, हीच पंचाईत आहे.

टॉर्चवाल्याने पेल्यावर उजेड टाकला. निळा. पांढरा. त्याने बोट लावून पाहिलं. दोन्ही कोरडे. त्या सकाळी दोघंही घाईत होते आणि नुकत्याच पाकिटातून काढलेल्या ब्रशाने दात घासायला त्यांचं मन होत नव्हतं. दोघांनी बोटानेच घासले होते.

मी हातभर अंतरावर, बादलीत उताणा पडलो होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण आमची सगळी हयात दुसऱ्यांच्या तोंडात जाते, स्वतःचं तोंड काही मिळत नाही.

"अहो, हिरवाच होता," सासूबाई मध्ये पडल्या. "मी कालच बदलला."

"का बदलला?"

"तुम्ही येणार म्हणून."

अधिकारी बाईने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. चादरी? त्याही बदलल्या. टॉवेल? तेही. सासूबाई प्रत्येक उत्तर अभिमानाने देत होत्या. शेवटी काहीतरी बिनसतंय असं लक्षात आल्यावर त्यांनी तोंडातली कवळी काढून पुढे धरली.

"हे बघा. ही हिनेच केलीय. ही इथे राहत नाही म्हणता?"

"आजी, ते आत घाला."

अहवाल तीन ओळींचा होता. घरात अर्जदाराने वस्तू वापरल्याच्या खुणा नाहीत. पतीला पत्नीच्या ब्रशचा रंग माहीत नाही. तपासणीपूर्वी वस्तू बदलल्याचे सासूने मान्य केले.

फेरविचाराचा अर्ज करता येत होता, नवा पुरावा असेल तर. तेव्हा सासूबाईंना मी आठवलो. त्यांनी मला बादलीतून काढलं, धुतलं, आणि मग धुतलं म्हणून स्वतःला चापट मारून घेतली.

कवळीवालीने मात्र डोकं लावलं. तिने स्वतःच्या दातांचा ठसा घेतला, प्लास्टरमध्ये ओतला आणि तिरक्या सुळ्यासकट आपलीच बत्तीशी तयार केली. कार्यालयात ती साहेबांसमोर ठेवली, मला आडवा धरला आणि दात मिटवले. सुळा माझ्या खड्ड्यात असा बसला, जशी किल्ली कुलपात.

साहेबांनी बत्तीशी उचलून पाहिली. "काम सुबक आहे हो तुमचं." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "माझा इथला मागचा दात बसवल्यापासून लागतोय. जरा बघता का?"

तिने बघितलं. कागदाची निळी पट्टी चावायला दिली, दातावर उमटलेला डाग पाहिला आणि म्हणाली, "डावीकडे पापुद्र्याएवढा उंच आहे. घासून घ्या, लागायचा थांबेल." साहेबांनी तीनदा आभार मानले. ते काम यादीत नव्हतं, पण दात दुखत होता.

निकाल आठ दिवसांनी लागला. सदर ब्रश अर्जदाराचाच असल्याचे मान्य. सदर ब्रश त्या घरात राहत असल्याचेही मान्य. त्यावरून अर्जदार तिथे राहते असे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर. पुरावा फायलीसोबत ठेवावा.

तेव्हापासून मी त्याच कार्यालयात, प्लास्टिकच्या पिशवीत, खिडकी क्रमांक सहाच्या मागच्या कपाटात आहे. पुढचं मला सासूबाईंमुळे कळलं. त्या दर महिन्याला खिडकीशी येतात.

"सोमवारी गेली ती," पहिल्या खेपेला म्हणाल्या. "तिकडून अर्ज केलाय. दीड वर्ष लागेल म्हणतात. मुलगा घरी येतो, जेवतो, उठतो. आता आरशावर एकाचेच शिंतोडे असतात. मी पुसत नाही."

"आजी, तुमची काही चूक नाही," खिडकीवरचा कारकून म्हणाला. "घर स्वच्छच ठेवायला हवं."

"स्वच्छ ठेवलं म्हणून तर गेली."

 परवा त्यांनी मला परत मागितलं.

"ज्याची वस्तू त्यालाच मिळते," कारकून म्हणाला. "त्यांनी स्वतः येऊन सही करायची."

"तिला तुम्ही येऊ देत नाही."

"हो. म्हणून तर सांभाळून ठेवलाय. दहा वर्षं ठेवतो आम्ही."

सासूबाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "उन्हात ठेवू नका त्याला," आणि गेल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपून वापरा. मी तसं सांगणार नाही. आम्हाला बिनधास्त वापरा. चावा, वाकवा, कपाचे गोल उमटू द्या, उशीवर केस राहू द्या. आणि ज्याच्यामुळे घरात हा पसारा होतो, ते माणूस जपा. वस्तूला इथे दहा वर्षं कपाट मिळतं. माणसाला एकवीस दिवस.