हद्दीवरचं मचाण

मी मचाण बोलतंय. ल्यूनेबुर्गच्या माळावर, दोन जमिनींमधल्या चराच्या काठी उभं आहे. चार खांब, अकरा पायऱ्यांची शिडी आणि वर शिकाऱ्याला बसायला एक फळी, एवढाच माझा संसार.

हारो आणि डेटलेफ या शेजाऱ्यांच्या वडिलांनी मिळून मला उभं केलं. तेव्हा चर नुसतं पाणी वाहून न्यायचा. जमिनी मुलांच्या हाती आल्या आणि चराची हद्द झाली. मी हारोच्या बाजूला आलं. हरणं आपला मका खाऊन धष्टपुष्ट होतात आणि हारोच्या मचाणासमोर मरतात, तेव्हा मचाण मागे घ्यावं, असं डेटलेफचं म्हणणं. मागणी रास्त होती. पण ती शेजाऱ्याची होती, म्हणून हारोने ऐकली नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी हारोने माझ्यावरून गोळी झाडली. हरिणी लांब होती, चालत होती. झाडायला नको होती. गोळी पोटात लागली. हरिणी चर ओलांडून डेटलेफच्या रानात गेली आणि नेच्यांच्या झुडपात बसली. मला वरून दिसत होती.

जखमी जनावराला तडफडत ठेवायचं नाही, हा इथला नियम. शेजाऱ्याला विचारल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, हाही नियमच. हारो सभ्य शिकारी. चराशी थांबला, बंदूक रिकामी केली, फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो; त्यामुळे पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"मचाण हलव, मग ये," डेटलेफ म्हणाला. "दोन वर्षं सांगतोय."

"अरे, जनावर जिवंत आहे."

"मग लवकर हलव."

"माझ्या बापाने उभं केलंय ते."

"माझ्याही बापाने हातभार लावला होता. त्याच्या नावाने उपट."

हारोने फोन खिशात टाकला. त्याची माग काढणारी कुत्री पलीकडे ओढ घेत होती. तिला नियम कळत नव्हते. हारोने तिला उचलून गाडीत बसवलं. त्या क्षणी मला कोसळायचं होतं. पण दोन्ही वडिलांनी खांब फार खोल पुरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हरिणी अधूनमधून मान उचलत होती.

तिसऱ्या दिवशी डेटलेफने स्वतःहून फोन करून परवानगी दिली. दोघे आले, टोप्या काढल्या. रिवाजाप्रमाणे हारोने हिरवी डहाळी तोडून तिच्या तोंडात ठेवली. याला शेवटचा घास म्हणतात. डहाळी जरा तिरकी होती, ती डेटलेफने सरळ केली. मेलेल्या जनावराचा मान कसा राखायचा, यावर दोघांचं कधीच दुमत नव्हतं.

महिन्याभरात डेटलेफने चरापलीकडे स्वतःचं मचाण बांधलं. माझ्याहून दोन पायऱ्या उंच. आता आम्ही एकमेकांकडे बघत उभी असतो.

रानात येणाऱ्या कोणाजवळ करवत असेल, तर त्याला माझी विनंती आहे. आम्हा दोघांना पाडा. परवानगी मागत बसू नका. ती येईपर्यंत काय होतं, ते मी वरून पाहिलं आहे.